उजवं दोन, टँकर उभा

“भाऊजी, तुम्ही मध्येच कुठे उतरलात?”

मिलिंद गेल्याचं मला या प्रश्नातून कळलं. रविवारची सकाळ होती. मी अंबरनाथ पश्चिमेला घराच्या गॅलरीत चहा पीत होतो. सुजातावहिनी, मिलिंदची बायको, मांजर्लीतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमधून फोनवर बोलत होत्या. गाडी दोन खांबांच्या मध्ये अगदी सरळ लावलेली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि मिलिंद स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेला. हृदय बंद पडलं होतं. वहिनी रडत नव्हत्या. त्याच्यासोबत निघालेला मी शेवटी त्याच्याजवळ का नव्हतो, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणालो, “स्टेशनजवळ उतरलो, वहिनी.” खरं म्हणजे मी त्या दिवशी गाडीत बसलोच नव्हतो. त्याआधीचे तीन रविवारही नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

मिलिंद आणि मी एकाच कारखान्याच्या टूलरूममध्ये वीस वर्षं शेजारी काम केलं. गाड्यांचा शौक पुष्कळांना असतो. मिलिंदला गाड्यांबद्दल मतं होती, आणि ती ऐकल्याशिवाय सुटका नसे. उल्हासनगरच्या एका शोरूममध्ये त्याने मला नुसती नवी गाडी बघायला नेलं होतं. विक्रेता कौतुकाने डॅशबोर्डवरचा टचस्क्रीन दाखवू लागला, तर हा म्हणाला, “टीव्ही घर पे है, साईं. गाडी दिखाओ.” मग सीटवर बसून त्याने डोळे मिटले आणि हाताने चाचपत राहिला. “एसीचं बटण बोटाला सापडत नाही, म्हणजे ही गाडी चालवणाऱ्यासाठी बनवलेलीच नाही,” हा निकाल. काचेच्या कडेचे खांब हल्ली इतके जाड करतात, की वळणावरचा माणूस त्यामागे अख्खा लपतो, ही त्याची कायमची तक्रार. नव्या गाड्यांचे चेहरे बघून म्हणायचा, “सगळ्यांना सकाळी उपाशी घराबाहेर काढल्यासारखं काय रे हे?” स्वतःची जुनी हॅचबॅक त्याने सोडली नाही, कारण तिच्या स्टिअरिंगमधून रस्ता तळहाताला कळायचा.

तरुणपणी तो दोन-तीन कार रॅलींत धावला होता. सर्किटवरच्या शर्यतीला तो पाठांतर म्हणायचा. “रॅलीत पुढचं दिसतच नाही. धूळ, धुकं. शेजारी नेव्हिगेटर वहीतून वळणं वाचतो आणि तू त्याच्या आवाजावर गाडी टाकतोस. डोळ्यांवर नाही… माणसावर चालवायची गाडी.”

हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहेर पडताना. काचबिंदू होता. कडेचं सगळं गेलं होतं, मधे एका नळीएवढं उरलं होतं, तेही विझत होतं. गाडी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. जिन्यात मिलिंद थांबला. “सुजाताला बोलायचं नाही. तिला फक्त ड्रॉप्स सांगू. आणि तू माझा नेव्ही, नेव्हिगेटर.”

मी हो म्हणालो. रस्त्यावर इतरही माणसं असतात, हे मला त्या जिन्यातही ठाऊक होतं.

मग दर रविवारी सकाळी तो मला अंबरनाथहून घ्यायचा… मला घ्यायला यायचा तो एकटाच, याचा विचारही मी करत नसे. सुट्टीमुळे बंद असलेल्या कारखान्यांच्या रस्त्यांवर आम्ही फिरायचो. त्याने मला आकडे शिकवले. एक म्हणजे काटकोनात वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. आधी अंतर, मग बाजू, मग अडथळा. “पन्नास, डावं तीन, कुत्रा.” “कुत्रा कुठल्या बाजूला, नेव्ही? की डिक्कीत?” असा तो हसायचा. तासाला तीसच्या वर जायचा नाही. पण त्याच्या तोंडावर तेव्हा जे यायचं, ते बघायला मी जात होतो, हेही खरं.

एका रविवारी माझ्या मुलीचा मेसेज आला आणि मी फोनमध्ये डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा गाडी वळणात होती. वळणावरच पाण्याचा टँकर उभा होता, नंबरप्लेटवरचा चिखल दिसावा इतका जवळ. मिलिंदने संथपणे स्टिअरिंग फिरवलं, टँकरला हातभर जागा सोडली, पुन्हा सरळ झाला.

“आज आवाज एकदम टायमात, नेव्ही.”

“काय बोललो मी?”

“‘उजवं दोन, टँकर उभा.’ का, विसरलास?”

मी एक अक्षरही बोललो नव्हतो. काचा वर होत्या, रेडिओ त्या गाडीला नव्हताच. मी म्हणालो, “बोललो ना.” फोन बघत होतो हे सांगायची हिंमत झाली नाही. तो इतका खूश होता…

त्यानंतर मी गेलो नाही. गुडघा, पाहुणे, मुलीची परीक्षा. तो प्रत्येक वेळी “ठीक आहे रे” म्हणाला. मी नाही म्हणजे गाडीही नाही, असं मी धरून चाललो. तो मात्र जात होता, घरी माझं नाव सांगून. शेवटच्या सकाळी वहिनींनी वरून पाहिलं. त्याने आतून हात लांबवून डावं दार उघडलं, थोडा थांबला, ओढून घेतलं. तुम्ही बसलात असं वाटलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. वॉचमनने तो परत येताना ऐकलं. खांबांमध्ये गाडी घेताना तो मोठ्याने “बरोबर, बरोबर” म्हणत होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वहिनींनी मला त्याचे शेवटचे शब्द सांगायला लावले. मी माईक धरून उभा राहिलो आणि म्हणालो, “तो म्हणाला, मित्रा, सगळे रस्ते सुंदर होते.” माणसं रडली.

गेल्या आठवड्यात मी वहिनींसमोर बसून सगळं सांगितलं. डॉक्टर, फोन, टँकर, तीन रविवार. त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

“ते वाक्य खोटं हे मला तेव्हाच कळलं,” त्या म्हणाल्या. “सगळे रस्ते सुंदर! हे असलं बोलणारे होते का? हे म्हणाले असते, क्लच घासलाय.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “डोळ्यांचं मला सांगायला हवं होतंत, भाऊजी. ते मी विसरणार नाही.” उठताना त्यांनी किल्ली पुढे केली. “गाडी मधून मधून चालू करावी लागते. तुम्हीच करा.”

खाली जाऊन मी दार उघडलं. डावीकडच्या सीटचा पट्टा लावलेला होता. त्या दिवसापासून कोणी हात लावला नव्हता. जुना पट्टा, स्वतःहून आत ओढला जात नाही. एका माणसाच्या छातीएवढी जागा ठेवून तो तसाच अडकला आहे.

मी तो सोडवलेला नाही. इंजिन चालू करून मी दहा मिनिटं उजवीकडे बसतो, समोर बघत. पुढे वॉचमनची खुर्ची, मग गेट. दहा, डावं एक, गेट… शब्द तोंडात तयार असतात. मी ओठ घट्ट मिटून घेतो. मी बोललो, तर मिलिंद गाडी घेऊन निघेल.