रत्नाबाईंची शेवटची हाक

“अण्णा, माझा आवाज कुठं गेला या टेपमध्ये?”

“आहे की! स्वल्प आवरलाय, एवढंच.”

“आवरलाय? आईचं हळदीचं गाणं आहे हे. शेवटची हाक गल्लीभर जायला हवी, आणि इथं तिच्याइतकाच मोठा तुमचा पंखा ऐकू येतोय!”

मोठा आवाज आपोआप दबावा, फाटू नये, म्हणून येसाजींनी बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरी हौसेनं कॉम्प्रेसर आणला होता, आणि तो इतका कसला की हाक बसली, पंखा वर आला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ जांभईसुद्धा रुमालात देई. सोमवारी धाकट्या बहिणीच्या, रत्नाबाईंच्या, गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर हा सूर लागेल, अशी हमी डॉक्टर देत नव्हते.

“काढा ते यंत्र.”

“आवाजाचा काटा तांबड्यात गेला तर?”

“जाऊ द्या. कुणी दंड करणार नाही तुम्हाला.”

“सरी, बरं,” म्हणत येसाजींनी कॉम्प्रेसरची वायर काढली, पंखा बंद केला आणि आवाजाच्या सरकत्या बटणावर बोट ठेवलं. रत्नाबाईंनी डोळे मिटून गाणं धरलं. शेवटची हाक सुटली, काटा तांबड्यात उडाला, आणि जन्मभराच्या शिस्तीनं येसाजींच्या बोटानं बटण खाली ओढलं.

रत्नाबाईंनी टेप मागे घेऊन ऐकली.

“आणखी एकदा, रत्ना?” येसाजी म्हणाले. “या वेळी तूच जरा हळू गा, म्हणजे झालं.”

रत्नाबाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि त्या बाहेर पडल्या.