मास्तरांचं ‘पहिल्यापासनं’

राष्ट्रगीत सोडलं, तर आमच्या मास्तरांनी जन्मात कुठलीच गोष्ट पहिल्या खेपेला शेवटपर्यंत जाऊ दिली नाही. राष्ट्रगीत मध्येच थांबवता येत नाही, म्हणून अख्खा डिसेंबर ते आमच्याकडून त्याची तालीम करून घ्यायचे आणि सव्वीस जानेवारीला ते बिनचूक पार पडलं की कपाळावरचा घाम पुसायचे, तोही थंडीत. आमचा बँड म्हणजे गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीतल्या सोळा हौशी माणसांचा कारभार. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेत शिक्षक, दातांचे एक डॉक्टर, आणि क्लॅरिनेटवर मी, विमा कचेरीतला कारकून. वाजवणारे असे खरे एकटे मास्तरच. मूळचे कन्नड तालुक्यातले, हयात सरकारी बँडमध्ये गेलेली, राहायला हर्सूलला. दर रविवारी सकाळी जुन्या स्कूटरवर शहराच्या त्या टोकाहून या टोकाला यायचे आणि आम्हाला दहा मिनिटं उशीर झाला तर दारातच उभे राहून आमच्या पायांकडे बघायचे.

सूर चुकला की त्यांची छडी हवेत थांबायची. “थांबा. पहिल्यापासनं.” तालमीत हे ठीक आहे हो, पण तालीम आणि कार्यक्रम यांतला फरकच त्यांना मान्य नव्हता. एका बागेच्या उद्घाटनात पाहुण्यांनी फितीला कात्री लावली आणि आमचा ट्रम्पेट घसरला. मास्तरांनी आम्हाला थांबवलंच, वर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “सायेब, तुमी बी थांबा जरा.” साहेब बिचारे कात्रीचा जबडा उघडा धरून उभे. ती फीत तिसऱ्या खेपेला कापली गेली. सख्ख्या पुतणीच्या लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशींना हात करून थांबवलं. भटजी कळवळून म्हणाले, मुहूर्त टळेल. “टळू द्या. बाईंचा सूर लई उतरलाय, असल्या सुरात पोरगी उजवायची नाय.” अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना नवरा-नवरी, आणि मांडवभर माणसं मुठीत अक्षता धरून ताटकळलेली. मावशींनी पुढं वर्षभर मास्तरांशी अबोला धरला. मास्तरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मग आमचे बेस ड्रमवाले काका गेले. त्यांच्या दारात उभं राहून आम्ही त्यांच्या आवडीचं भजन वाजवायचं ठरलं. तिरडी उचलली गेली आणि माझा सूर फाटला. डोळे भरून आल्यावर फुंक कुठली धड लागते? छडी थांबली. वाजवणं थांबलं तसे खांदेकरीही जागच्या जागी थबकले. समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी तेवढी वाजली. “पहिल्यापासनं,” मास्तर म्हणाले. काकांचा मुलगा तिरडीखालून ओरडला, “म्हणजे काय, बाबांना परत आत नेऊन ठेवू?” मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं नाही. आम्हालाच म्हणाले, “त्याचं हे शेवटचं ऐकणं हाये. नीट वाजवा.” आम्ही पहिल्यापासून वाजवलं. इतकं चांगलं आम्ही त्याआधी कधी वाजवलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. पण कॉलनीनं लक्षात ठेवलं ते थांबलेलंच.

आमच्या कॉलनीला आठवड्यातून एकदा आलेलं नळाचं पाणी चालतं, वर्षभर उकरून ठेवलेला रस्ता चालतो, पण मास्तरांचं थांबवणं मात्र चालेना. पुढच्या रविवारी बैठक बसली. मास्तर समोरच बसले होते. दातांचे डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, “मास्तर, आपली चूक कुणाला कळतच नाही हो. तुम्ही थांबवता, तेव्हा कळते.” मास्तर म्हणाले, “मला कळती ना.” मग मतदान झालं. बदल हवा असलेल्यांनी हात वर करायचे. माझा हात चौथा. पहिला असतो तर निदान धीट म्हणवलो असतो. ज्याच्या चुकीपायी सगळं घडलं तोच मी, पण “चूक माझी होती” एवढे तीन शब्दसुद्धा माझ्या तोंडातून फुटले नाहीत. मोजणी झाली तरी माझा हात आपला वरच. मास्तरच म्हणाले, “घ्या खाली आता. झालं मोजून.” छडी त्यांनी टेबलावर ठेवली, ती सुद्धा आवाज न करता.

नवे मास्तर तरुण आहेत, हसतमुख आहेत. स्पीकरच्या पेटीतून आधीच भरून आणलेलं संगीत वाजतं आणि आम्ही त्याच्यावर वाजवतो, म्हणजे वाजवल्यासारखं करतो. कुणी कितीही घसरला तरी ते अंगठा वर करून “मस्त!” म्हणतात. कार्यक्रम दुप्पट झालेत. वर्तमानपत्रात फोटोही आला, त्यात मी डोळे मिटलेला आहे.

यंदा बँडच्या वर्धापनदिनाला मास्तर आले. कुणी बोलावलं होतं कोण जाणे, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. माझा एकट्याचा तुकडा आला आणि मी भर मध्यावर चुकलो. चुकलो आणि जुन्या सवयीनं क्लॅरिनेट ओठांवरून काढून थांबलो. बाकी कुणी थांबलं नाही. पेटीतलं संगीत मला तिथंच सोडून पुढं निघून गेलं. शेवटी टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

मी गर्दीतून वाट काढत त्यांना गाठलं. “छान झालं,” ते म्हणाले. मी म्हणालो, “मास्तर, मधे माझं चुकलं.” ते स्कूटरची किल्ली शोधत राहिले. मी पुन्हा म्हणालो, “कुठं चुकलं ते सांगा ना. तुम्हाला कळलं असणार.”

“व्हय, कळलं ना,” मास्तर मऊपणानं म्हणाले. “पर मी आता इथं पाव्हणा हाये. पाव्हण्यानं चुका काढू नयेत.”

मग त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला. इतक्या वर्षांत त्यांनी मला असा नमस्कार कधी केला नव्हता. मीही केला.