सासूबाईंचं नाक

इंदिरानगरच्या बसथांब्यावर रोज भेटणाऱ्या जीवशास्त्राच्या बाई लाल-निळी लोकर गुंफत बसायच्या. वर्गात अर्धसूत्री विभाजन शिकवायचं होतं म्हणे.

"लाल गुणसूत्र आजीचं, निळं आजोबांचं. आधी तुकड्यांची अदलाबदल, मग वाटणी. अंडपेशी असो की शुक्रपेशी, प्रत्येकीला निम्मंच. कुणाच्या वाट्याला काय येईल, नेम नाही."

"तुमच्या लेकीच्या वाट्याला काय आलं?" मी छेडलं.

"ह्यांच्याकडून थेट सासूबाईंचं नाक. जेवताना मुरडतेही तश्शीच."

एकदा लेक सोबत होती. बाईंनी डब्यातली मेथी पुढे केली. तिनं नाक मुरडलं.

"बघा, सासूबाई," म्हणत बाईंनीही नाक मुरडलं. हुबेहूब लेकीसारखं.

बस येईपर्यंत मी लोकरीकडे बघत राहिले.