पार्वताबाईचं नाक

आधीच सांगून टाकते, मागून कोणी म्हणाले नको. पार्वताबाईचा मले हेवा वाटे. थोडाथोडका नाही, अक्षरशः पोटात दुखे. मी तुमसरच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, अन् ती लग्नाकार्यात भात रांधणारी, चौथी शिकलेली बाई. तरी बाजारात लोकं तिच्या मागं.

ग्राहक मंडळ माझं होतं. नाव मी काढलं, नोंदणीसाठी भंडाऱ्याच्या चकरा मी मारल्या, शिक्का मी बनवून आणला. आठवडी बाजारात तांदळाच्या दुकानांसमोर टेबल लावाची परवानगीही मीच काढली. मापात खोट दिसली, पाकिटावर तारीख नसली, की मी अर्ज करे. दुकानदार म्हणत, "या मॅडम, चहा घ्या." चहा पाजून वाटेले लावत. अर्जाचं उत्तर येईपर्यंत तो माल लोकांच्या पोटात जाऊन पचलेला राहे.

पार्वताबाईले मंडळात आणलं तेही मीच. आंबागडची ती. चाळीस वर्षं तालुकाभरच्या लग्नांत तिनं भात उतरवला होता. मले वाटलं, एखादी स्वयंपाकीण जवळ असू द्या, बायका मोकळ्या बोलतील. झालं भलतंच.

आमच्या इकडं पाहुण्यांसाठी चिन्नोर लागते. सुगंधी तांदूळ, महाग. म्हणून साध्या बारीक तांदळाले सेंट मारून चिन्नोर म्हणून विकणारेही निघतात. एका बाजाराले रुखमिणी नावाची बाई टेबलाजवळ आली. रोजीनं धानाच्या रोवणीले जाणारी, नातवाच्या बारशासाठी पाच किलो घेतला होता. पार्वताबाईनं त्यातला मूठभर तांदूळ रुखमिणीच्याच हातावर ठेवला.

"हुंग. कसा येते?"

"लय मस्त. दोन हातांवरून येते."

"दाताखाली फोड. कसा आहे?"

"कडक आहे, माय."

"दुकानदार काय म्हणे?"

"दोन वर्षं जुना म्हणे."

"ठेव वापस," पार्वताबाई म्हणाली.

बस, दोन शब्द. रुखमिणी गेली अन् पिशवी ठेवून, पैसे घेऊन आली. तिच्या मागं उभ्या असलेल्या तिघींनी घेतलेला मालही परत केला. दुकान कैलाश शेठचं होतं. पुढच्या बाजाराले त्यानं किलोमागं दहा रुपये उतरवले अन् पाटीवरचं 'चिन्नोर' पुसून 'बारीक सुगंधी' लिहिलं.

दोन महिन्यांत सगळी ओळ बदलली. नवीन गोणी खोलाच्या आधी दुकानदार पुडीत नमुना घेऊन पार्वताबाईपुढं येऊन राहिले होते. एका मिलवाल्यानं तं सेंटवाला माल पाठवणंच बंद केलं. मले आनंद व्हाले पाहिजे होता. नाही झाला. बायका तिले 'माय' म्हणत, तिच्यासाठी पेरू आणत, गुडघा कसा आहे म्हणून इचारत. मले म्हणत, "मॅडम, जरा सरका ना, मायले तांदूळ दाखवाचा आहे." मी सरके. माझ्याच टेबलावरून. मले जास्त काही नको होतं. माझ्या एका शब्दावर कोणत्यातरी बाईनं एकदा पिशवी खाली ठेवावी, एवढंच पाहिजे होतं.

मग एक दिवस मंडळाच्या कागदावर तिची सही घ्याले मी आंबागडले गेली. किल्ल्याखाली तिचं घर. अंगणात ती तांदूळ निवडत बसली होती, बाजूच्या चुलीवर दूध. आम्ही बोलत होतो अन् ते दूध उतू गेलं, मग तळाले लागलं, मग असं करपलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती आपली निवडून राहिली. शेवटी तिची सून तृप्ती घरातून पळत आली अन् पातेलं उतरवलं.

"काहून, तुम्हाले वास नाही आला?" मी इचारलं.

"कोरोनातून उठली तेव्हापासून नाक बंद आहे, मॅडम," ती म्हणाली. "फोडणी जळली तरी समजत नाही."

"अन् बाजारात कोणाले सांगितलं नाही?"

"कोणी इचारलंच नाही ना."

तोंडावर कसलीच लाज नव्हती. मंग तांदूळ ओळखता कसा, हे मी इचाराले पाहिजे होतं. शिकवणारी बाई मी, आधी तेच इचाराले पाहिजे होतं. पण मले उत्तर नकोच होतं. परतीच्या एसटीत मी खिडकीजवळ बसून एकटीच हसत होती. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

पुढच्या बाजाराले गर्दी भरेपर्यंत मी थांबली. मग टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत कपाटातला डांबरगोळीचा वास लागलेला साधा तांदूळ, दुसरीत अस्सल चिन्नोर. वरून दोन्ही सारखे दिसत. पाचवीतल्या पोरालेही जमेल असा प्रयोग. मी मोठ्यानं म्हटलं, "पार्वताबाई, सगळ्यांसमोर हुंगून सांगा, चिन्नोर कोणता?"

तिनं वाट्यांकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं पाहिलं.

"मले वास येत नाही, मॅडम. तुम्हाले ठाऊक आहे."

कैलाश शेठ गल्ल्यावर बसल्या बसल्या हसाले लागला. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे इतके दिवस ही आमाले उल्लू बनवून राहिली होती का?" मी चार शब्द सावरून बोलू शकली असती. बोलली नाही. पार्वताबाईनं पिशवी खांद्याले अडकवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बसा तुम्ही," एवढंच म्हणाली अन् गेली.

बसली मी. ऐटीत बसली. पहिल्या बाजाराले एक बाई आली, मी तांदूळ हुंगला, खोटा होता, तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं तरी नाक चालते का, कोणाले माहीत?" अन् तोच घेऊन गेली. दुसऱ्या बाजाराले कैलाश शेठनं पाटीवर पुन्हा 'चिन्नोर' लिहिलं, अन् उतरवलेले दहा रुपयेही वर चढले. नमुन्याच्या पुड्या घेऊन कोणी येईना. वर त्यानं माझ्या घरी पाच किलोची पिशवी पाठवली, 'मॅडमले भेट' म्हणून. पिशवी खोलली तं अख्ख्या स्वयंपाकघरात सेंटचा वास. मी ती तशीच बांधून परत पाठवली, पण दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बत्तीस वर्षं नोकरी करून शेवटी कोणाचं काम केलं मी?

तिसऱ्या बाजाराले टेबलावर जाताना बसस्टँडवर रुखमिणी दिसली. पदराले गाठ बांधलेली.

"कुठं जाऊन राहिली?"

"आंबागडले. पार्वतामायले घेतलेला तांदूळ दाखवाले."

माझं डोकं फिरलं. "तिले वास येत नाही, हे तू कानानं ऐकलं ना?"

"आयकलं. तिले नाही येत तं नाही येत. मले तं येते."

"मंग मले दाखव. मी इथंच आहे."

रुखमिणीनं पदराची गाठ तेवढी दुसऱ्या हातात घेतली. एसटी लागली, ती चढली. मी काहून चढली कोणास ठाऊक. टेबल तसंच पडलं होतं.

पार्वताबाईच्या अंगणात सातआठ बायका बसलेल्या होत्या, प्रत्येकीच्या पदरात गाठ. मले पाहून तृप्ती उठून उभी राहिली, तोंड कडू करून. पार्वताबाईनं तिले बसवलं अन् माझ्यासाठी पाट सरकवला. मग माझ्या देखतच बायकांले समजावाले लागली, "नव्या चिन्नोरचा वास भारी राहते, पण भात चिकट होते. जुना झाला की भात मोकळा होते, अन् वास उतरते. दाणा जुना अन् वास नव्याहून भारी असला, तं तो वास वरून घातलेला आहे. याले माझं नाक कायले लागते?"

एवढं साधं होतं. विज्ञान होतं, सरळसरळ. अन् ते मले माहीत नव्हतं.

रुखमिणीनं गाठ सोडली. पार्वताबाईनं त्यातला मूठभर तांदूळ माझ्या हातावर ठेवला. "मॅडम, तुमचं नाक चांगलं आहे. तुम्ही हुंगा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तं बरं झालं असतं. मी हुंगला. सेंटचा वास थेट डोक्यात गेला. एक दाणा दाताखाली फोडला, कडक, जुना. मी सांगितलं, "खोटा आहे. परत करा."

रुखमिणीनं माझं ऐकून घेतलं. साऱ्या बायकांनी ऐकून घेतलं. अन् मग साऱ्या जणी पार्वताबाईच्या तोंडाकडं पाहू लागल्या.

"मॅडम बरोबर सांगतात," पार्वताबाई म्हणाली. "ठेव वापस."

तेव्हा कुठं रुखमिणीनं होकाराची मान हलवली.