रिकामा पूल

आमच्या गावच्या झुलत्या पुलावर नगरपालिकेनं फलक लावलाय, ‘पुलावरून सावकाश चालावे.’ तो वाचला की माझं डोकं तापतं. काल भाजीची टोपली डोक्यावर घेऊन निघालेल्या हिरामावशी पुलाच्या मध्यावर कठडा घट्ट धरून थांबल्या होत्या. टोकाला उभा असलेला नगरपालिकेचा मुकादम हसून म्हणाला, “पूल कुठला हलतोय मावशी, तुमचेच गुडघे हलतायत.”

मी घरातली पहिली पदवीधर. याच गावच्या शाळेनं मला इंजिनिअरिंगपर्यंत पोचवलं, त्याचं ऋण मी मानते. कॉलेजात शिकले, की लांब, लवचिक पूल थरथरणारच. ती थरथर जिरवायला पुलाखाली स्प्रिंगवर वजनं बसवतात. वजनं हलत राहतात आणि वरून माणसं निवांत जातात. आमच्याकडे ते काम मावशींच्या गुडघ्यांना दिलंय. मागे मी हे नगरपालिकेत जाऊन समजावलं, तेव्हा त्यांनी फलक नव्यानं रंगवून घेतला.

आज मावशी लांबच्या रस्त्यानं गेल्या. बाजारात पोचेपर्यंत त्यांची नेहमीची जागा दुसऱ्या कुणी घेतली होती.

मी बाजारातून परतताना पुलावर कुणीच नव्हतं. मुकादम मला म्हणाला, “बघा इंजिनिअरबाई, हलतोय का आता?”