आर्डिसने होडी का विकली

मिलो स्कोगेन ऑक्टोबरात गेला आणि नाताळाच्या आधीच त्याच्या बायकोने त्याची मासेमारीची होडी विकली. चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता व्हर्नाने ही बातमी वाढली, वर तिखटमीठ लावून: "बँकेतही गेली होती. लाल कोट घालून." मी आणखी एक लेफ्से, बटाट्याची ती पातळ पोळी, घेतली. अशी बातमी रिकाम्या तोंडाने ऐकू नये.

आर्डिसने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला, पण डोकं कुणाकडे गहाण ठेवलं नाही. मिलो दुधाचा टँकर चालवायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त कर आणि दातांचा डॉक्टर दोन्ही उद्यावर ढकलणारा. निवृत्तीच्या खात्यातले, कर अजून न भरलेले पैसे दरवर्षी थोडेथोडे रॉथ खात्यात हलवू, आज कर भरून टाकू, पुढे काढताना कुणी मागणार नाही, असं ती सांगून थकली. "आज कशाला सरकारचं पोट भरायचं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

तेवढ्यात आर्डिस आली. व्हर्नाने विचारलंच, "एवढी कसली घाई होती गं? माती तरी वाळू द्यायची."

"नवरा गेला तरी या वर्षाचं कराचं विवरणपत्र अजून जोडीनेच भरता येतं," आर्डिस कोट काढत म्हणाली. "पुढच्या वर्षी मी एकटी. तेवढ्याच पैशाला वरच्या टप्प्याचा कर. घर राखायचं तर पैसे आत्ताच रॉथमध्ये हलवायला हवे होते."

"सगळं हलवलंस?" मी विचारलं.

"वेडी आहे का मी? सगळं हलवलं तर मीच वरच्या टप्प्यात जाईन. जोडीला मिळणारा कमी कराचा टप्पा काठोकाठ भरला, बाकी राहू दिलं. यंदा मिळकत जास्त दिसली म्हणून दोन वर्षांनी मेडिकेअरच्या सरकारी विम्याचा हप्ता थोडा चढेल, चढू दे."

"आणि होडी?"

"कर त्याच पैशातून काढला असता तर रॉथमध्ये पडलं असतं कमी. म्हणून होडी विकून भरणार." कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, "मिलोने आयुष्यभर कर टाळला. शेवटी त्याच्याच होडीने भरतेय. चिडला असता मेला." आणि डोळे पुसले, तेही रुमाल न शोधता, बाहीनेच.

व्हर्नाने कॉफीची किटली खाली ठेवली. मग शेजारी पेंगणाऱ्या नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, "हॅरल्ड, ऊठ. तुझं खातं कुठल्या बँकेत आहे रे?"

हॅरल्डने डोळे उघडले आणि मला विचारलं, "मी एवढा आजारी दिसतोय का?"