खंडेनवमीचा वारा

घंटा तासभर वाजत होती आणि साहेब खुशीत होते.

"पाहिलंत? यंत्र कसं जागं आहे!"

मी तेव्हा अकोल्याजवळच्या एका धावपट्टीवर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होतो. विमान दुसऱ्यानं चालवायचं. आम्ही खालून रेडिओवर वारा सांगायचा आणि उतरायची परवानगी द्यायची किंवा नाकारायची. आमच्याकडे विमानं आठवड्याला दोन-चार यायची, फॉर्म रोज यायचे.

साहेब मुख्यालयातून यंत्र घेऊन आले होते. टॉवरच्या गच्चीवर खांब, खांबाला टांगलेला हलका पत्रा. वारा जोराचा झाला की पत्रा मागे ढकलला जाई, दोन तारा जुळत आणि खाली माझ्या टेबलाशी घंटा वाजे. घंटा वाजत असताना कोणालाही उतरू द्यायचं नाही, असं परिपत्रक. तोवर आम्ही वारा पाहायचो मैदानातल्या कापडी नळीवरून. वाऱ्यानं ती फुगते, नसला की लोंबते. साहेबांनी ती पहिल्याच दिवशी उतरवली. "हा पायमोजा स्टोअरमध्ये टाका," म्हणाले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. अवजारांच्या पूजेचा दिवस. सकाळी साहेबांनी झेंडूचा मोठा हार मागवला आणि चौकीदार गुलाबरावांना सांगितलं, "वर जाऊन यंत्राला घाला." गुलाबरावांनी घरादारासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला तीन वर्षं झाली होती.

"मी हे सोडलं साहेब," ते शांतपणे म्हणाले. "शिडी धरतो. हार तुमीच घाला."

साहेब चढले. हळदकुंकू झालं, नारळ झाला, फोटो झाला. फोटोत यंत्र फारसं आलं नाही, साहेब पूर्ण आले.

दुपारी जेवणानंतर घंटा सुरू झाली. ती वाजत असतानाच रेडिओ बोलला. मुंबईहून नागपूरला निघालेलं दोन इंजिनांचं छोटं विमान होतं. वैमानिक आणि चार प्रवासी.

"अकोला, एक इंजिन बंद. दुसरं तापतंय. लँडिंग हवंय."

"किती वेळ आहे?"

"दहा मिनिटं. इंजिनाची मर्जी असेल तर बारा."

साहेबांनी घंटेकडे बोट केलं. "नागपूरला पाठवा."

"सर, नागपूर तासभर लांब आहे."

"घंटा ऐकू येत नाही का?"

ऐकू येत होती. एका इंजिनावरचं विमान आडव्या वाऱ्यात सापडलं तर पट्टीवरून फेकलं जातं, हेही खरं होतं. पण खिडकीबाहेर गवताचं पातं हलत नव्हतं.

"वारा वर असतो," साहेब म्हणाले. "गवताला काय कळतं?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी आणखी वर पाहिलं. पलीकडच्या जिनिंग फॅक्टरीनं मुहूर्ताला बॉयलर पेटवला होता. तिचं धुराडं आमच्या गच्चीच्या दुप्पट उंच. त्यातून धूर निघत होता तो काठीसारखा सरळ, आभाळात.

गुलाबराव दारात उभे होते. "काहून इचार करून राहिले? वारा कुठी आहे?"

मी माइक उचलला. "परवानगी आहे. वारा शांत."

"मी हे लिहून घेतोय," साहेब म्हणाले. "नोकरी जाईल तुमची."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. पेन खाली ठेवेपर्यंत विमान बाभळींवरून आत आलं, एकदा उसळलं आणि पट्टीच्या टोकाशी थांबलं. पाचही माणसं स्वतःच्या पायांनी उतरली. वैमानिकानं आधी पाणी मागितलं. एका प्रवाशानं विचारलं, "ही घंटा आमच्या स्वागताची का?"

गुलाबराव न सांगता शिडी चढले. घंटा थांबली. ते खाली आले तेव्हा हातात झेंडूचा हार होता. तो ओघळून पत्र्याच्या दांड्यात अडकला होता आणि पत्रा मागे ओढून धरत होता. त्यांनी तो अदबीनं टेबलावर ठेवला.

"साहेब, हा तुमचा वारा."

महिन्यानं मला मेमो आला. घंटा वाजत असताना परवानगी का दिली? मी कळवलं, धूर सरळ वर जात होता. हाराचंही कळवलं. हाराबद्दल वरून अवाक्षर आलं नाही. उलट पत्र आलं ते असं: सदर धुराडे वारा दाखवण्यासाठी कोणत्या आदेशानं मंजूर आहे?

नोकरी राहिली, बढती दोन वर्षं अडली. कापडी नळी गुलाबरावांनी विनाआदेश पुन्हा चढवली. मी आता अमरावतीत पेन्शन घेतो. त्या यंत्रावर माझा राग नाही. पत्रा ओढला की वाजायचं, एवढंच त्याला शिकवलं होतं. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच हवी. स्वतःची घंटा ऐकून ते कधी खूश झालं नाही.